पहिल्या आकड्याला हो म्हणू नये

सांगलीत खोली बघायला आले त्या दिवशी माझ्या हातात एक बॅग होती. कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली होती, आठवड्यानं हजर व्हायचं होतं, आणि चार घरांनी ‘एकट्या बाईला देत नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. पाचवं घर चाचांचं. पांढरी लुंगी, बंडी आणि खांद्यावर एक टॉवेल, ज्याचा मूळ रंग कोणता हे हळदीच्या डागांमुळं सांगता आलं नसतं. त्यांनी वरच्या दोन खोल्या दाखवल्या, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगितलं आणि मग भाड्याचा आकडा सांगितला. मी म्हटलं, “चालेल.”

चाचांचा चेहरा पडला.

“चालेल?”

“हो. चालेल की.”

“असं चालेल म्हंत्यात व्हय? मी आकडा सांगितला, तुमी चालेल म्हनला, संपलं? मग आपली वळख कवा व्हायची?” त्यांनी किल्ली पुन्हा बंडीच्या खिशात टाकली. “आज न्हाई देत. उद्या या. जरा तयारी करून या.”

इस्लामपूरच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून मी रडले. घरी आईला सांगितलं की मालक भाडं वाढवत नाही, उलट कमी कर म्हणून भांड म्हणतोय. आई म्हणाली, “त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. दुसरं घर बघ.” पण दुसरं घर नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या मी तीन मुद्दे पाठ केले: जिना अरुंद आहे, वरचा पत्रा उन्हाळ्यात तापणार, पाणी एक वेळ येतं. चाचांनी तिन्ही मुद्दे खोडून काढले. मी घाबरत चौथा काढला. चाचीनं दोनदा चहा आणला. दीड तासानं आकडा थोडा खाली आला, आणि किल्ली देताना चाचांनी तो आपण होऊन आणखी खाली आणला. “हे तुमच्या जिन्याचं,” ते म्हणाले. “जिना खरंच वंगाळ हाय.”

हे आधी सांगते आहे त्याला कारण आहे. चाचांनी उरलेलं आयुष्य सांगलीत काढायचं की पुण्याला मुलाकडं जायचं, हा निकाल सात वर्षांनी माझ्या हातात लागला. हातात म्हणजे खरोखरच या उजव्या तळहातात. आणि ज्या माणसानं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं त्याच्याच बाबतीत मी तो धडा विसरले.

चाचा हळदीचे दलाल. राजापुरी हळदीचं हळकुंड मोडायचे आणि डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ती किती वाळली आहे ते सांगायचे. त्यांच्या उमेदीच्या काळात बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. ढिगाशेजारी दोघं उभे राहत, हातांवर टॉवेल टाकत आणि आत एकमेकांची बोटं धरत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. भोवती दहाजण उभे असले तरी कुणाला काही कळत नसे. पटलं नाही तर हात सोडायचा, पटलं तर एक हळकुंड समोरच्याच्या तळहातावर ठेवायचं. आता लिलाव उघड होतो. चाचा त्याला लिलाव म्हणतच नसत. “वरडायची शर्यत हाय ती,” म्हणत.

ही बोटांची विद्या बाहेर शिकवायची नाही असा बाजाराचा दंडक होता. चाचांनी तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी मोडून चाचीला सगळं शिकवलं. पाहुणे बसलेले असायचे, दोघं दिवाणावर शेजारी, मध्ये टॉवेल, आणि पाहुण्यांना जेवायला ठेवून घ्यायचं की चहावर वाटेला लावायचं हा सौदा पाहुण्यांच्या देखत चाललेला असायचा. मला बोटं शिकवली ती चाचीनं, स्वयंपाकघरात, ओढणीखाली. शिकवलं नाही ते एकट्या मुलाला. त्याचं शिक्षण व्हावं, बाजारात अडकू नये, म्हणून त्याला हळदीच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही. तो कराडला इंजिनियर झाला आणि पुण्याला गेला. अब्बा आणि अम्मी टॉवेलाखाली काय करतात हे त्याला लहानपणी विचारावंसं वाटायचं, पण विचारायची लाज वाटायची, असं त्यानं मला फार नंतर सांगितलं.

चाचांचा खरा नाद मात्र वेगळा. माजघरातल्या भिंतीतल्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूनं, पेन्सिलीनं शब्द लिहिलेले होते. सगळे शब्द एकाच गोष्टीचे: भाव करणं. हळद घ्यायला देशभरातून माणसं यायची आणि चाचा प्रत्येकाला हिशेब मिटल्यावर एकच विचारायचे, “तुमच्यात ह्याला काय म्हंत्यात?” शब्दापुढं ते भाषेचं नाव लिहीत नसत, माणसाचं गाव लिहीत. इरोडवाला: पेरम. निजामाबादवाला: बेरम. हुबळीवाला: चौकाशी. राजकोटवाला: भावताल. कलकत्त्याच्या एका माणसानं तिकडं दरादरी म्हणतात असं सांगितलं, तेव्हा चाचा दोन दिवस ‘दरादरी, दरादरी’ करत घरभर हिंडले. दुबईत एका इराण्याच्या दुकानात काम करून आलेल्या मिरजेच्या ड्रायव्हरकडनं त्यांना कळलं की इराणी लोक भाव करण्याला ‘हनुवटी मारणं’ म्हणतात. त्यावर चाचा खूश. “बराबर हाय. तोंड हलल्याशिवाय कसला सौदा?” इंडोनेशियाला माल पाठवणाऱ्या एजंटानं ‘तावार-मनावार’ आणून दिला. तो चाचांना सगळ्यात आवडायचा, कारण तो म्हणताना एक माणूस बोलतो आणि दुसरा उत्तर देतो असं त्यांना ऐकू यायचं.

माझ्यावरही शब्द आणायची जबाबदारी होती. आमच्या कारखान्यात एक जपानी इंजिनियर आला होता. मीटिंग संपली, साहेब त्याला गाडीपर्यंत सोडायला निघाले, आणि मी मध्येच घुसून घाबरतघुबरत त्याला तो प्रश्न विचारला. साहेबांनी मला डोळ्यांनीच भाजलं. जपानी माणूस मात्र हसला, म्हणाला, नेगिरु, म्हणजे भाव कापणे. घरी येऊन सांगितलं तर चाचा नाराज. “कापायचं? भाव हाय का केक हाय, कापायला?” तरी लिहून घेतला. मग कपाटाचं दार लावताना म्हणाले, “आपली घासाघीस बरी, पोरी. दगडावर दगड घासला की दोनी झिजत्यात. एकच झिजला तर ती घासाघीस न्हवं, ती लूट.”

“आणि टॉवेलाखालच्याला काय म्हणतात?” मी एकदा विचारलं.

“त्याला नाव न्हाई. नाव ठिवलं की ते बाहेर पडलं.”

माझं काम खरेदी विभागात. देवानं माझी काय परीक्षा बघितली कोण जाणे, पण जिला दहा रुपयांची कोथिंबीर आठ रुपयांना मागताना घाम फुटतो तिला दिवसभर नट-बोल्ट आणि पॅकिंगच्या खोक्यांचे भाव पाडायला बसवलं होतं. पुरवठादार आकडा सांगायचा, माझ्या तोंडून ‘बरं’ निघायचं आणि संध्याकाळी साहेब मला झापायचे. नोकरी जाणार ही भीती रात्रंदिवस पाठ सोडायची नाही. चाचांनी मला रोज संध्याकाळी तासभर समोर बसवलं. ते पुरवठादार, मी मी.

“पयला आकडा म्हंजे सलाम,” ते सांगायचे. “सलाम घ्यायचा आन उलटा सलाम करायचा. सलामावर कोन सही करतं व्हय?”

“आणि समोरचा नाही म्हणाला तर?”

“न्हाई म्हंजे दार लावलं न्हवं गं. न्हाई म्हंजे कडी वाजली. कोन हाय बगायला उठायचं.”

मग इरोडवाल्याची गोष्ट ठरलेली. तो व्यापारी तीन दिवस एकाच ढिगापाशी अडून बसला होता. दोनदा हात सोडून मिरजेच्या स्टेशनावर गेला, दोनदा चाचा त्याच्या मागं जाऊन त्याच्याशेजारी बाकावर बसले, गाडी जाऊ दिली आणि त्याला परत घेऊन आले. दोघांच्या आकड्यांत फरक किती? दोन चहांचा. “मग सोडून द्यायचं होतं,” मी म्हटलं. चाचा माझ्याकडं बघतच राहिले. “सोडला असता तर मानूस गेला असता की.” त्या माणसाचं पत्र पुढं दर वर्षी येत राहिलं.

चाचा भाव फक्त पाडायचे असं कुणाला वाटेल. दारावर मेथी घेऊन येणाऱ्या म्हातारीनं पडेल भावानं जुडी देऊ केली की हे भडकायचे. “येवढ्यात देतीस? मग तुजी चूल कशानं पेटनार? वाढीव.” म्हातारी म्हणायची, “आवं घ्या की चाचा, सुकायला लागलीया.” हे वर चढायचे, ती खाली उतरायची. गल्लीतली माणसं खिडकीतून बघायची. डॉक्टरनं तीन गोळ्या लिहिल्या की हे दोनवर या म्हणायचे. ‘एकच भाव’ अशी पाटी असलेल्या दुकानापुढून जाताना टॉवेल सावरून पुढं सरकायचे. एकदा मी त्यांना नव्या मॉलमध्ये नेलं, तिथं काउंटरवरच्या मुलीला त्यांनी साबणाचा भाव विचारला. तिनं यंत्र लावलं, टुंई वाजलं, आकडा आला. चाचांनी यंत्राकडं बघितलं, मुलीकडं बघितलं, आणि फार मायेनं विचारलं, “पोरी, दिसभर तुज्याशी कोन बोलतं का न्हाई?”

चाची गेली आणि टॉवेल खांद्यावरच राहिला. पाहुणे आले की चाचांचा डावा हात दिवाणावर शेजारच्या रिकाम्या जागेकडं सरकायचा आणि परत यायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायची.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता, सकाळी, चाचांच्या हातातला कप पडला. मी जिन्यावरून धावत आले तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात मांडीवर पडला होता. दवाखान्यात वीस दिवस गेले. जीव वाचला, उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. सगळे गेले. पेरम, बेरम, चौकाशी, एकही उरला नाही. ‘पाणी’ म्हणायला जायचे आणि घशातून नुसता हुंकार यायचा. मग चिडून डोळे मिटून घ्यायचे.

मुलगा वीस दिवस रजा काढून बसला होता. माणूस चांगला, पण गोंधळलेला. अब्बांना कायमचं पुण्याला न्यायचं, घर विकायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं, तरी त्यांना विचारल्याशिवाय हलवायला त्याचं मन घेईना. आणि विचारायचं कसं? मान हलवली तरी ती ‘हो’साठी की ‘नाही’साठी हे डॉक्टरलाही सांगता येईना.

तेव्हा मी म्हटलं, “दादा, मी बघू का? मला त्यांची बोटं येतात.”

म्हणून गेले आणि त्याच क्षणी घाबरले. चाचा पुण्याला गेले तर घर विकलं जाणार, आणि माझ्या दोन खोल्या जाणार. माझं नुकसान ज्यात आहे त्या प्रश्नाचं उत्तर मीच वाचून दाखवणार होते. मी चुकीचं वाचलं तर? मुद्दाम नाही, पण मनात असेल तेच हाताला लागलं तर? त्यात चाचांचा सौद्याचा हात उजवा, तो आता निकामी. डाव्या हातानं त्यांनी जन्मात सौदा केलेला नव्हता.

खाटेशेजारी बसून मी टॉवेल टाकला आणि हात आत सरकवला. मुलगा म्हणाला, “अब्बा, पुण्याला चला. कायमचं.” मी म्हटलं, “चाचा, वर्षातले किती महिने इथं?”

त्यांनी माझा पंजा धरला. सोडला. पुन्हा पंजा धरला. सोडला. मग दोन बोटं.

“बारा,” मी म्हणाले. “बाराही महिने इथंच म्हणतात.”

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मुलाचं तोंड मात्र एवढंसं झालं. “ठीक आहे,” तो म्हणाला. “त्यांची मर्जी.” त्यानं दिवसभरासाठी एक मावशी ठेवली, औषधांची यादी मला दिली आणि दोन दिवसांनी गेला. जाताना त्यानं अब्बांच्या पायांना हात लावला, हाताला लावला नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कधी विसरणार नाही. मी कुपवाडहून आले की चाचा डाव्या हातानं टॉवेल ओढून मांडीवर घ्यायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी हात द्यायची. पंजा, पंजा, दोन. मी म्हणायची, “हो चाचा, बारा. इथंच राहायचं, ठरलंय.” ते चिडायचे. हात झटकायचे. पुन्हा धरायचे, पुन्हा बारा, आणि दाराकडं बघायचे. मला वाटायचं त्यांना भीती वाटते, मुलगा पुन्हा न्यायला येईल म्हणून. मी दाराला आतून कडी घालून दाखवली. त्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

कारखान्यात माझं लक्ष लागेना. एके दिवशी खोक्यांच्या एका पुरवठादारानं फोनवर आकडा सांगितला आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, “हा झाला सलाम. आता खरं बोला.” म्हटलं आणि फोन हातात तसाच राहिला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता.

बारा हा सलाम होता. मुलगा ‘कायमचं’ म्हणाला, हा त्याचा पहिला आकडा. चाचांनी ‘बारा’ म्हणून उलटा सलाम केला. आणि मी, सात वर्षं त्यांच्यासमोर बसून शिकलेली मी, सलामावर सही करून मोकळी झाले. का केली? कारण तो आकडा मला सोयीचा होता. चाचा पंधरा दिवस दाराकडं बघत होते ते मुलगा येईल या भीतीनं नव्हे, तो परत का येत नाही म्हणून. आणि मी त्याच दाराला कडी घातली होती.

मी कारखान्याच्या जिन्यात उभी राहून पुण्याला फोन लावला. “दादा, माझी चूक झाली. त्यांनी नाही म्हटलेलं नाही. त्यांनी सुरुवात केली होती. तुम्ही या आणि पुन्हा विचारा.”

“पण तुम्हीच बारा म्हणाला होता.”

“हो. आणि मी तिथंच थांबले. घर गेलं तर माझ्या खोल्या जातात, तेही तुम्हाला माहीत असू दे. पण या.”

तो रविवारी आला. मी त्याला बोटं शिकवली, दहा मिनिटांत. मग त्याला खाटेशेजारी बसवलं, टॉवेल टाकला आणि बजावलं, तोंडानं काही बोलायचं नाही. इथले महिने किती, एवढंच. मी पायाकडं उभी राहिले. हाताला हात न लावता नुसतं बघणं फार अवघड होतं.

मुलानं एक बोट धरलं असावं, कारण चाचांनी हात झटकून बाहेर काढला. मुलगा उठायला लागला.

“बसा,” मी म्हटलं. “ही कडी वाजली.”

तो बसला. पुन्हा हात आत. टॉवेल हलत होता, थांबत होता. मध्येच चाचांनी छताकडं बघितलं, भाव फारच पडल्यावर बघायचे तसं. मध्येच मुलगा हसला. मावशीनं चहा आणला, तो गार झाला. तासाभरानं चाचांचा अर्धा चेहरा हसायला लागला, आणि मग मुलाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण त्यानं पुसलं नाही, कारण पुसायचा हात आत होता. “अब्बांनी माझा हात एवढा वेळ कधीच धरला नव्हता,” तो म्हणाला. मी त्याला बोलू नका म्हणायचं विसरले.

पाच ठरले. माघापासून पुढचे पाच महिने, नवी हळद बाजारात येते तेवढे, सांगलीत. उरलेले पुण्यात. चाचांनी उशीखालून एक हळकुंड काढलं. ते तिथं कधीपासून होतं कुणास ठाऊक. ते त्यांनी मुलाच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं मिटवली. घर विकायचा विषय परत निघाला नाही.

ते पुण्याला गेल्यापासून मी खालच्या खोल्या झाडते, कपाटाचं दार उघडून शब्दांना वाळवी लागली नाही ना ते बघते, आणि काळजी करते. थंडी सोसेल का, प्रवास झेपेल का, पाच महिने मोजायला ते येतील का. संक्रांतीच्या आधी मुलाचा फोन आला तेव्हा त्याचं नाव बघून मी हातातला झाडू टाकला आणि तो घेतला.

“काळजीचं नाही,” तो घाईनं म्हणाला. “अब्बा सकाळपासून रजईखाली माझी दोन बोटं धरतात आणि दाराकडं बघतात. दोन काय असेल?”

मला कळलं. “माघ लागायच्या दोन आठवडे आधीच सांगलीला निघायचं म्हणत असतील.”

“एवढंच ना? मग हो सांगतो. उद्याच गाडी काढतो.”

“दादा, लगेच हो म्हणू नका,” मी म्हटलं. “त्यांचं एकच बोट धरा.”

“आणि?”

“आणि सोडू नका.”